कोपरा नसलेली चिठ्ठी

माझी शाळा तिसरीपातूरच. तिसरी झाली आन् लगीन झालं. तरी आमच्या घरात वाचणारी म्याच एकटी, म्हणून हे मिलिटरीत गेल्यापासनं चिठ्ठी आली की वाचायची म्याच. हे गेले तवा पोरगी पोटात व्हती. आता ती रांगायला लागली. ह्यांनी अजून तिचं तोंड बघितलं न्हाई.

त्या दिवशी आमी तरवा भाजायच्या तयारीत व्हतो. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, झाडाचा पाला-फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आन् पेटवून द्यायचं. सकाळधरनं फांद्यांचे भारे डोक्यावरनं वाहून माझी मान मोडून आली व्हती. रातभर पोरगी किरकिर करत व्हती, डोळ्याला डोळा न्हाई. तिला बांधावर आंब्याखाली पाटीत ठिवली व्हती आन् म्या येता-जाता बघत व्हते, मुंगळं तर न्हाईत ना, साप तर न्हाई ना. मला सगळ्याचंच भ्या वाटतं.

मार्गासनीकडनं टपालवाला आला. आठवड्यातनं एकदा येतो, बसतो, पाणी पितो, तंबाखू मळतो. त्या दिवशी त्यानं चिठ्ठी मामंजींच्या हातात ठिवली आन् पाणी न मागता मागं फिरला. म्या डोक्यावरचा भारा तिथंच खाली टाकला.

घडीचा कागद व्हता, डिंकानं चिकटवलेला. मामंजींनी उलटापालटा केला. वरचा उजवा कोपरा न्हवता.

आमच्याकडं माणूस गेल्याची चिठ्ठी असली की तिचा कोपरा फाडून धाडत्यात. ती घरात न्यायची न्हाई. भाईरच वाचायची आन् तिथंच फाडायची. हे समद्यांना ठावं असतं.

माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, कोपरा बघितला आन् मटकन खाली बसल्या. मग जो हंबरडा फोडला तो ऐकून आजूबाजूच्या वावरातल्या बाया धावत आल्या. आमची चुलतसासू पुढं. तिनं येऊन माझं मनगाट धरलं आन् माझ्या बांगड्यांकडं बघाया लागली.

मामंजी म्हणाले, "सूनबाय, वाच."

"मला वाचता येत न्हाई," म्या म्हणाले.

"मागली वाचलीस की!"

"आज येत न्हाई."

खरंच येत न्हवतं. अक्षरं दिसत व्हती, पण वाचलं तर ते खरं हुईल आसं वाटत व्हतं. पोरगी रडाया लागली, तिला उचलली, पदराखाली घेतली. तेवढाच येळ.

"काय वाचायचं त्यात?" चुलतसासू म्हणाली. "कोपरा बोलतोय की."

आत्याबाई उठल्या, मामंजींच्या हातातनं कागद वढला. "मला न्हाई ऐकायचं! फाडून टाकते!" आन् खरंच दोनी हातांत धरला. कसं झालं ठावं न्हाई, म्या पोरगीसकट झडप घातली आन् कागद घेतला. सासूच्या हातातनं म्या कंदी काय हिसकलं न्हवतं.

उघडला तर अक्षर ह्यांचं न्हाई. ह्यांचं वाकडंतिकडं असतं, हे गोल गोल, शिकलेल्याचं. बांधावर बसूनच वाचाया लागले. *तीर्थरूप दादा व आई यांस साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे.* सगळे श्वास सोडाया लागले, पण म्या न्हाई. समदे आसंच लिवत्यात, मग खाली 'पण' येतो. म्या 'पण' हुडकत एका दमात वाचत सुटले.

*चहाच्या किटलीने हात भाजला, म्हणून कोकणातल्या मित्राकडून लिहवून घेतो. काळजी नसावी. आम्हास चार दिवसांची रजा मिळाली. ग्रीस मुलखातल्या एका बेटावर बोटीने नेले. बेट फार हिरवे आहे. डोंगर आपल्यासारखेच, पण पायथ्याला समुद्र. संत्री झाडावर लागलेली. जांभळाएवढे एक फळ असते, त्याचे तेल काढतात. पांढऱ्या वाळूवर दिवसभर निजलो. समुद्रात अंघोळ केली. एक जुने देऊळ पाहिले, नुसते खांब उरलेत. ख्रिस्ती देवळात मेणबत्त्या लावतात. एका म्हातारीने पाव दिला आणि डोक्यावरून हात फिरवला. गडी माणसे हातात हात धरून गोल नाचतात.*

"गडी?" चुलतसासू म्हणाली. माझं मनगाट तिनं कवाच सोडलं व्हतं. "फुगड्या घालत्यात व्हय?"

"आन् बाया काय करत्यात?" मागनं कुणीतरी इचारलं.

"बाया पाव भाजत्यात. तिथं बी," म्या म्हणाले.

रडायला आलेल्या बाया हसाया लागल्या, बांधावर बसल्या. समुद्र कुणीच बघितला न्हवता. म्या भोरला जाताना धरणाचं पाणी बघितलंय, तेवढंच. त्यांना म्हणाले, तसंच, पण पल्याडचा डोंगर काढून टाकायचा. आत्याबाई डोळं पुसत म्हणाल्या, "दिवसभर निजला म्हणं! हितं बापाची पाठ वाकली." पण त्या हसत व्हत्या.

मला हसू येत न्हवतं. राग आला व्हता. वाळूवर निजले, म्हणं. म्या कंदी निजले ते मला आठवत न्हाई.

शेवटी बारीक अक्षरात व्हतं: *वर कोपऱ्यात आमच्या छावणीच्या जागेचे नाव व तारीख घातली होती. ते नाव लिहायचे नसते, म्हणून साहेबाने कोपरा कात्रीने कापून कागद परत दिला. घरी घाबरू नये.*

"बघा!" मामंजी म्हणाले आन् तोंडावर उपरणं धरलं.

बाया उठल्या. चुलतसासूनं पदर खोचला. "चांगलं झालं बया," म्हणाली आन् जाता जाता इचारलं, "कंदी लिवलीय?"

म्या कोपऱ्याकडं बघितलं. तारीख त्या कापलेल्या तुकड्यासंगंच गेली व्हती. लढाईतली चिठ्ठी म्हैना म्हैना येत न्हाई. त्यांची संत्री कंदी पिकत्यात मला काय ठावं. हे वाळूवर निजले ते माघात का फाल्गुनात, आन् त्यानंतर कुठं गेले, काय झालं, त्या कागदात काईच न्हवतं. समदे माझ्याकडं बघत व्हते. आत्याबाईंचं तोंड नुकतंच जाग्यावर आलं व्हतं.

"गेल्या पंधरवड्यातली," म्या म्हणाले. "एकादशीच्या दिवसाची."

"तारीख बी कापली म्हणालीस नव्हं?" मामंजींनी हळूच इचारलं.

"खाली बी लिवलीय," म्या म्हणाले आन् कागद घडी घालून चोळीत ठिवला.

मामंजींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आसंल," आन् उठून तरव्याकडं गेले.

त्यानंतर अजून चिठ्ठी आली न्हाई. आत्याबाई त्या एकादशीपासनं दिवस मोजत्यात आन् मला इचारत्यात, किती झालं ग? म्या सांगते. चिठ्ठी त्यांनी दोनदा मागितली, कुणातरी शिकलेल्याला दाखवायची म्हणून. म्या दिली न्हाई.