मायाप्पाचे उपाशी पोपट

मायाप्पाला उभ्या जन्मात स्वतःचा पटका काही सरळ बांधता आला नाही. एक टोक कानावर, दुसरं मानेवर, आणि मधलं एखादं वेटोळं असं सुटलेलं, की बघणाऱ्याचे हात शिवशिवायचे. आणि असला हा माणूस अक्कलकोटपासून माळशिरसपर्यंतच्या बायकांनी लुगड्याला कुठला काठ मिरवायचा ते ठरवायचा! तेही वर्ष-दोन वर्षं नाही, चांगलं एक तप आणि वर थोडं. त्याची बायको तानाबाई म्हणायची, "देवानं ह्यांची सगळी अक्कल बोटात भरली, डोक्याला काय पुरलीच न्हाय." असं म्हणायची आणि त्याचा पटका सोडून परत आपल्याच हातानं बांधून द्यायची.

मूळचं हे धनगराचं पोर. बाप माळशिरसकडच्या माळावर मेंढरं राखायचा आणि घरी घोंगडी विणायचा. घोंगडी म्हणजे काळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी. मायाप्पानं हातात माग आल्याबरोबर काय केलं, तर एकाच बाजूला पांढऱ्या लोकरीची रेघ घातली.

बाप म्हणाला, "ह्या रेघंनं ऊब वाढती व्हय रं?"

"न्हाय."

"मग कशाला घातलीस?"

"अंधारात कळतंय की आबा, डोस्क्याची बाजू कुटली आन् पायाची कुटली. रोज पायाकडची बाजू तोंडावर घेऊन शिंकताय तुमी."

बापानं घोंगडी उलटसुलट करून बघितली आणि बाजूला टाकली. पण पुढच्या घोंगडीला त्यानं स्वतःच पांढरी लोकर काढून दिली. मायाप्पाच्या धंद्याची सुरुवात धरायची, तर ती इथनं धरायची. वस्तू कोण वापरणार आणि कशी वापरणार, हे बघून तिला रूप द्यायचं. एवढं साधं होतं ते. आणि एवढंच तो पुढं एकदा विसरला, म्हणून तर ही सगळी गंमत झाली.

एकवीस सालच्या आसपास पावसानं पाठ फिरवली, मेंढरं कमी झाली, आणि नवराबायको सोलापुरात आले. साखर पेठेत नरसय्या म्हणून एक पद्मसाळी विणकर होता, घरात तेलुगू बोलायचा आणि बाहेर सगळ्या भाषांची मिसळ. त्याच्या मागांच्या खोलीत मायाप्पाला काम मिळालं, कांड्या भरायचं. मागावर आडवं सूत टाकत पळणाऱ्या धोट्यात घालायच्या त्या कांड्यांवर दिवसभर सूत गुंडाळायचं. कामाला डोकं लागत नाही, म्हणून ह्याचं डोकं मोकाट. जेवायच्या सुट्टीत कोळसा घेतला आणि भिंतीवर नक्षी काढत बसला.

"एमि रा इदि?" नरसय्या ओरडला. म्हणजे, हे काय रे? "मी आत्ताच चुना लावला ना भिंतीला!"

"मुंग्या हायत, मामा. रांगेनं चालल्यात."

नरसय्यानं आधी शिव्या दिल्या. मग जवळ जाऊन बघितलं. मग लांबून बघितलं. मग म्हणाला, "ह्या मुंग्या काठाला चालतील की रे."

तो मुंगीकाठ मागावर चढला. लुगडं उतरल्यावर मायाप्पानं ते घरी नेलं आणि तानाबाईला म्हणाला, "घडी मोड." आपल्यात नव्या लुगड्याची घडी मोडायला द्यायची ती आवडत्या माणसाला, तो मान असतो. तानाबाईनं तोंड वाकडं केलं, पण लुगडं नेसून नळावर जाऊन आली. ती पुढं आणि हा मागं, दहा हात अंतर ठेवून, तिच्या घोट्याकडं टक लावून. नळावरच्या बायका म्हणाल्या, "तानाबाई, तुजा नवरा तुज्याच मागं लागलाय बघ, नवं लगीन झाल्यागत." तानाबाई लाजेनं लाल. आणि हा काय म्हणाला असेल? म्हणाला, "चालताना मुंग्या दिसत न्हाईत, जरा मोठ्या कराय पायजेत."

तेव्हापासनं ही रीतच पडली. मुंगीकाठ झाला, मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं असलेला शिंगकाठ झाला, बोरकाठ झाला. प्रत्येकाची पहिली घडी तानाबाईनं मोडायची, बाजारात एक चक्कर मारायची, आणि मायाप्पानं बघून दुरुस्ती करायची. मग बाकीचे माग चालू.

पण नुसत्या काठांवर पोट भरत नव्हतं. अर्धा दिवस काठ, अर्धा दिवस कांड्या. नरसय्याला सूत पुरवणारा आणि त्याची लुगडी विकणारा व्यापारी म्हणजे चनबसप्पा, सगळ्यांचे आप्पा. कपाळाला भस्म, बोलण्यात कानडी हेल, आणि माणूस वाईट नाही, पण घाईचा. अठ्ठावीस सालच्या लगीनसराईआधी तो मायाप्पाला म्हणाला, "हे बघप्पा मायाप्पा. मुंग्या झाल्या, बोरं झाली. आता नवरीच्या आईनं हट्ट धरावा असा काठ काढ. चालला, तर तू फकस्त काठ काढायचे, कांड्यांना हात लावायचा न्हाय. न्हाय चालला, तर मी बाहेरगावचे नमुने आणतो, आन् तू कांड्याच भर. कायमच्या."

मायाप्पाची झोपच उडाली. तो पोपट काढायला बसला. चौकड्यांच्या कागदावर एकेक चौकट भरत, डौलदार, मान वळवलेले पोपट. इथपर्यंत सगळं ठीक होतं हो. पण मग त्याला अवदसा आठवली.

लुगड्याला दोन काठ, एक खाली पायाशी, एक वर. रीतीप्रमाणं दोन्ही काठांच्या नक्षीची डोकी आत, लुगड्याच्या पोटाकडं असतात. नरसय्या तसंच मागावर बांधायला निघाला, तर मायाप्पा म्हणाला, "न्हाय मामा. दुकानात लुगडं दोरीवर पसरलं, की वरच्या काठाचे पोपट उलटे लटकत्यात. सगळ्यांची डोकी वर करा. गिऱ्हाइकाला ऐटीत बसलेले दिसले पायजेत."

"आमच्या बापानं कधी असं केलं नाही रे."

"म्हणून तर करायचं!"

बघा, कसा शेफारला होता. तरी तानाबाईनं घडी मोडली असती तर सगळं वेळेत कळलं असतं. पण पहिलं लुगडं उतरलं आणि चनबसप्पानं ते काखोटीलाच मारलं. "घडी मोडली की माल जुना! लगीनसराई दारात आली, आन् तुजी बायको बाजारात मिरवत बसंल? सगळे माग चालू करा."

मायाप्पानंही मान डोलावली. घरी आल्यावर तानाबाईनं विचारलं, "माजी घडी कुटं हाय?"

"ह्या येळंला न्हाय. आप्पा घाईत हायत."

"बरं," तानाबाई म्हणाली. तिच्या त्या 'बरं'ला अशी धार होती, की मायाप्पानं त्या रात्री भाकरी मागूनसुद्धा घेतली नाही.

लुगडी दुकानात आली. दोरीवर पसरली, आणि काय दिसत होती! येणारा-जाणारा थांबायचा. चनबसप्पा मिशीत हसत होता. मंगळवारच्या बाजाराला अक्कलकोटहून बसव्वा आली. आवाज असा, की दुकानात बोलली तर समोरच्या दुकानातला माणूस उत्तर द्यायचा. लेकीच्या लग्नासाठी लुगडी बघत होती. तिनं पोपट बघितले, "छंद अदऽ, लई छान हाय!" म्हणाली, आणि लुगड्याचा पदर घेतला डोक्यावरून. आरशात बघितलं.

आणि खो-खो हसत सुटली.

"अवं आप्पा, हे पोपट हायत का वटवागळं? कपाळावर खाली डोस्कं करून लटकालेत की सगळी!"

झालं ते असं. वरचा काठ कमरेपासनं खांद्यावर जातो आणि डोक्यावरून पदर घेतला, की तोच येतो कपाळाशी. दोरीवर ज्याचं डोकं वर होतं, तो पदरात येताच शीर्षासनात गेला. मायाप्पा तिथंच, दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाजार उठायच्या आत साऱ्या पेठेत त्या काठाचं बारसं झालं होतं, 'वटवाघळी काठ'.

चनबसप्पा ओरडला असता तरी बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या मंगळवारपर्यंत लुगडी हितं ऱ्हातील. मग गाठोडी बांधून कुटंतरी लांब पाठवतो. आन् तू..." त्यानं हवेत कांडी भरल्यासारखं बोट फिरवलं. पुढचं म्हणायची गरज नव्हती.

मायाप्पा एक लुगडं घेऊन घरी आला आणि तानाबाईपुढं ठेवून खाली मान घालून बसला.

"आता घडी मोडायला आणलंय व्हय? सगळ्या गावानं हसून झाल्यावर?"

"अगं, बोल काय बोलायचं ते. पण एकदा नेस."

तानाबाई बोलली. बोलता बोलता नेसली, आणि नेसता नेसता आणखी बोलली. मग पदर डोक्यावर घेऊन अंगणात जोंधळं पाखडायला बसली, कारण संध्याकाळच्या भाकरी काही पोपट थापणार नव्हते. मायाप्पा समोर उकिडवा बसून तिच्या कपाळाकडं बघत राहिला. सूप वरखाली व्हायचं, तशी तिची मान हलायची, आणि पोपट चोची खाली करून डुलायचे.

"काय बघालाय?" ती म्हणाली. "ह्यांची नजर माज्या सुपावरच हाय. उपाशी ठेवल्यात तुमी. चित्र काढताना ह्यांच्या पोटाचं बघायचं व्हतं की."

ती चेष्टा करत होती. पण मायाप्पा ताडकन उठला. सुपातला एक दाणा घेतला आणि तिच्या कपाळाशी, चोचीखाली धरला.

"अवं, डोळ्यात घालाल!"

"हलू नगंस! अगं, माळावर मी कितींदा बघितलंय! जोंधळ्यावर राघू बसला की सरळ कुटं बसतोय? कणसाला उलटा लटकून खातोय की! हे बरोबर हायत. ह्यांच्या म्होरं कणीस न्हाय, एवढंच चुकलंय."

चोचींच्या खाली काठाला बोटभर मोकळी पट्टी होती. आणि पदर कपाळाशी येतो तो भाग केवढा, तर हातभर. बाकी काठ कमरेत, निऱ्यात जातो, तिथं कोण बघतंय! मायाप्पानं कोळशानं कणीस काढून दाखवलं, दाणेदार, वजनानं वाकलेलं. तानाबाईनं पिवळं सूत सुईत ओवलं. पहिलं कणीस जरा भेंडीसारखं झालं. तसं तो म्हणालाही, आणि तिनं सुई त्याच्यापुढं धरली, "घ्या, तुमी करा." तो कोळसा घेऊन पुढचं कणीस काढायला वळला. दुसरं कणीस जमलं. मग नरसय्याची बायको आली, तिच्या मागनं तिच्या जावा आल्या. तेलुगूत आणि मराठीत मायाप्पाची यथेच्छ टिंगल करत त्या सगळ्या पोपटांना जेवायला घालायला लागल्या.

मंगळवारी तानाबाई तेच लुगडं नेसून चनबसप्पाच्या दुकानाशी गेली. मायाप्पा ह्या खेपेला मागं नव्हता, दुकानाच्या आत खांबाआड उभा होता. बसव्वा दुसरी लुगडी बघत बसली होती. तिची नजर वर गेली.

"अगं बाई, हिकडं ये की. हे काय? वाकून कणसं खालेत व्हय?"

"खात्यात तर," तानाबाई म्हणाली. "तुमी मागल्या मंगळवारी बघितले तवा जेवणाची येळ व्हायची व्हती."

बसव्वा एवढ्या जोरात हसली, की समोरचा दुकानदार बाहेर आला. तिनं पदराचा काठ हातात घेतला, कणसावरनं बोट फिरवलं. "हेच पायजे मला. हे, तुज्या अंगावरचं."

चनबसप्पा मधे पडला. "अक्का, ते घडी मोडलेलं हाय. नवं देतो की."

"मोडू दे! नेसून कसं दिसतंय ते कळलं तरी. न्हायतर तुमच्या दोरीवर सगळंच चांगलं दिसतंय, आप्पा." आणि तानाबाईकडं वळून, "लेकीसाठी आणखी करून दे, पण आधी तू नेसून बघायचं. कबूल?"

दुकानातल्या बाकीच्या लुगड्यांवरही बायकांनी कणसं भरली, आणि त्या लगीनसराईत एकही गाठोडं लांब गेलं नाही. पुढं कणसं मागावरच बसवली, आणि 'वटवाघळी' म्हणणाऱ्याच 'राघूकाठ हाय का' म्हणून विचारायला लागल्या. चनबसप्पानं मायाप्पाला बोलावून एवढंच सांगितलं, "कांड्यांना दुसरा माणूस बघितलाय मी. आन् पुढचा काठ निघाला, की पहिलं लुगडं तुज्या घरी जाईल. मी मागितलं तरी द्यायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी मायाप्पा नेहमीच्या वेळी मागावर गेला. दिवसभर नुसते काठ काढायचे, म्हणजे करायचं काय, हेच त्याला सुचेना. कोरा कागद पुढं घेऊन तो संध्याकाळपर्यंत बसून राहिला. तेवढ्यात गिरणी सुटली, आणि दारावरून कामावरच्या बायका जायला लागल्या. लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, खालचा काठ पार आत गेलेला, दिसतच नव्हता.

मायाप्पा दाराशी आला. "मामा," तो आत वळून म्हणाला, "ह्या बायकांनी काठासाठी पैसे मोजायचे आन् तो खोचून ठेवायचा, हे काय बरोबर न्हाय. ह्यांच्यासाठी काठ जरा वर चढवता येतो का बघू की."

नरसय्यानं कपाळाला हात लावला. "आमच्या बापानं..."

"कधी केलं न्हाय, ठावं हाय. म्हणूनच आधी तानीला नेसवायचं." आणि तो कागदावर वाकला.