गुरुजींचा पुरावा

"उभी राहा," प्राध्यापक माइकवरून म्हणाले. "लाजू नकोस. लोकांना पाहू दे."

मी उभी राह्यली. कारंज्यातलं ते सभागृह गच्च भरलं होतं. चर्चेचा विषय होता, आजच्या अध्यात्माचं श्रेय गुरुजींना किती. गुरुजी वारले त्याले बरीच वर्षं झाली. त्याईच्या ध्यानकेंद्राच्या शाळेत मी मास्तरीण. आमाले यावंच लागे. प्राध्यापक गुरुजींचे जुने शिष्य.

"ही मानोऱ्याकडच्या तांड्यावरची," ते म्हणाले. "ध्यान मठात कोंडलेलं होतं. गुरुजींनी ते हिच्यासारख्यांच्या दारात नेलं. ते नसते तर ही आज दारू गाळत असती."

टाळ्या.

समोरच्या बाजूनं एक वकील होते. ते उठले तसं मले वाटलं, आता कोणीतरी माह्याकडून बोलन.

"श्रेय गुरुजींना कशाला?" वकील म्हणाले. "ध्यान आपलं फार जुनं. त्यांनी फक्त शिबिरं भरवली. आणि ही बाई ध्यानानं नाही, सवलतीनं इथं आली."

सभागृह हसलं. प्राध्यापकही हसले. तिथं दोघाईचं जमलं.

मी उभीच. बस म्हणाचं कोणाले सुचलं नाही.

माही याडी मागं चपलाईजवळ बसली होती. आमी मायले याडी म्हणतो. ती दरसाल ऊस तोडाले जाये. मले मावशीजवळ ठेवे, शाळा बुडू नये म्हणून.

प्राध्यापकाईनं तिले हाक मारली. "ए मावशी, तू सांग. पोरीला कोणी घडवलं?"

याडीनं गुरुजींच्या फोटोले हात जोडले. "त्याईनंच."

पुन्हा टाळ्या. जोडलेल्या हाताले एक बोट नव्हतं. कोयत्यानं गेलं होतं.

"खोटं हाय," मी वरडली. "गुरुजी आमच्या तांड्यावर कधी आले नाहीत. ध्यान मी इथं शिकली, नोकरी लागल्यावर. त्यानं मले झोप लागते. तेवढं श्रेय त्याईचं. घ्या. पण मले शिकवलं याडीनं. अन् वकीलसाहेब, सवलत तुमच्या घरून नाही आली."

कोणीतरी म्हटलं, "कृतघ्न."

प्राध्यापक शांतपणे हसले. "पाहा. हिला बोलायलाही गुरुजींनीच शिकवलं."

सगळ्यात जोरात टाळ्या तेव्हा पडल्या.

एसटी स्टँडवर याडीनं मले लोकाईसमोर थापड मारली. "देवमाणसाले बोल लावते? काहून? आता जाय, ऊस तोड."

शाळेनं माफी मागाले सांगतलं. मी नाही मागतली. नोकरी गेली. आता मानोऱ्यात शिकवणी घेतो. याडी माह्याशी बोलत नाही. रोज सकाळी गुरुजींच्या फोटोले हार घालते, मले दिसन असा.

परवा केंद्राचा निरोप आला. माफी माग, परत ये.

नाही येत. याडीनं जन्मभर अबोला धरला तरी नाही. गुरुजी किती मोठे, त्याचा वाद त्याईनं खुशाल घालावा. मी कोणामुळं हाय, ते मी सांगीन. याडीले पटो, नाहीतर न पटो.