किल्ल्यापर्यंत पायी

मुलाने मला अलिबागला न्यायचं काढलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जन्मात समुद्र न पाहिलेल्या बाईला पासष्टीनंतर अचानक समुद्र कोण दाखवतं? मागच्या हिवाळ्यात मी अंगणातल्या नळापाशी घसरले होते, आणि तेव्हापासून त्याचा एकच धोशा होता. मी नागपुरातलं सक्करदऱ्याचं घर सोडावं आणि त्याच्या प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये राहायला यावं. फ्लॅट चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण ज्या घरात नवऱ्याने माग चालवला आणि मी जमिनीवर बसून त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरल्या, ते घर अजून उभं आहे आणि मीही उभी आहे. मला तिथेच राहायचं आहे. यात मला समजावण्यासारखं काय आहे, ते कळत नाही.

पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवरून त्याने समुद्रातला किल्ला दाखवला. ओहोटीला पाणी मागे हटतं आणि माणसं तिथवर चालत जातात, म्हणाला. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी असते. मी लगेच घराचा विषय काढला. तो हसला.

"त्या किल्ल्यापर्यंत पैदल जाऊन ये आई, मंग रहा आपल्या घरी. मी एक शब्द नाही बोलत."

तो गमतीने बोलला होता. मी ते गमतीवारी नेलं नाही.

आम्हा नागपूरकरांना सवय अशी, की बाहेरचं जे काही असेल ते ऊन चढायच्या आत उरकायचं. त्या शिस्तीने मी त्याला फटफटताच उठवून किनाऱ्यावर आणलं. पाहते तर किल्ल्याच्या चहूबाजूंनी पाणीच पाणी. चहाची टपरी उघडणारा माणूस आमच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, वाट दुपारी मोकळी होईल." समुद्र आपल्या वेळेने चालतो, आमच्या उन्हाशी त्याला काही देणंघेणं नाही, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलाला मात्र बरंच वाटलेलं दिसलं.

"आता राहू दे ना आई. दुपारच्या उन्हात काहून जायचं?"

"ऊन मले नको सांगू गा," मी म्हटलं. "मी नागपूरची आहे."

दुपारी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून बटव्यात कांदा ठेवला आणि निघाले. आधी वाळू घट्ट होती. पुढे शेवाळलेले खडक लागले, मधूनच घोट्याएवढं पाणी. गुडघा ठणकायला लागला तशी मी त्या गुडघ्याला मनातल्या मनात सडकून शिव्या दिल्या. मुलगा बाजूने चालत होता. किल्ल्याच्या दाराशी पोचले तेव्हा इतका आनंद झाला की रडूच आलं. तिथल्या एका तटाचे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत म्हणे, आणि इतक्या लाटा खाऊन ते जागचे हललेले नाहीत. ते दगड मला फार आवडले.

पण जाऊन यायचं ठरलं होतं, नुसतं जायचं नाही. दम खायला मी आत जरा जास्तच बसले, आणि बाहेर आलो तर पाणी चढायला लागलं होतं. किनारा समोर दिसत होता, पण पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं आणि गुडघा वळेना. मला भीती वाटली. तेवढ्यात मागून घोडागाडी येऊन शेजारी थांबली. गाडीवाला म्हणाला, "बसा मावशी. ही शेवटची फेरी."

मी मुलाकडे पाहिलं. खरं सांगते, तो नुसता 'बस' म्हणाला असता तर मी बसले असते, आणि महिन्याभरात माझी भांडीकुंडी प्रताप नगरला गेली असती. हे त्यालाही कळलं होतं. त्याने एकदा माझ्या पायांकडे पाहिलं. मग त्याने खांद्यावरची पिशवी गाडीत टाकली, आमच्या दोघांच्या चपला टाकल्या आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"तुम्ही व्हा समोर, भाऊ," तो गाडीवाल्याला म्हणाला. "आई पैदलच येऊन राहिली. तिले आपल्या घरी जायचं आहे."