इंग्रजीची आठवी सहामाही

मुलं तिला अटबाई म्हणायची. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची हिंमत मुख्याध्यापकांचीही झाली नसती. आमच्या शाळेच्या कार्यालयात नोंदणीचं टेबल तिचं आणि टायपिंगचं माझं, मधे एक कपाट. मी तिला ताई म्हणते, पण अगं-तुगं करते. एकोणीस वर्षं एका खोलीत काढल्यावर अहो-जाहो करायला मला वेळ नाही.

ताईचं काम सांगताना मला दम लागतो. वरच्या चार वर्गांतल्या प्रत्येकाने कुठले विषय घेतले, कुठले घ्यायचे राहिले, शाळा सोडताना काय कमी पडतंय, ते सगळं तिच्याकडे. दरवर्षी विषयांची पुस्तिका निघते, तीही तीच लिहिते. बाकीचे विषय एकेका पानात आटपतात, इंग्रजीला चार पानं लागतात. इंग्रजी चार वर्षांच्या आठही सहामाह्या घ्यावंच लागतं, पण शेवटच्या दोन वर्षांत कुठलं इंग्रजी घ्यायचं ते बरंचसं मुलांनी ठरवायचं. निबंधलेखन सक्तीचं. मग नाटक आहे, भाषण आहे, कादंबरी आहे आणि वर्तमानपत्र आहे. वर्तमानपत्राच्या तासाला मुलं शाळेचा अंक काढतात, म्हणजे निम्मा वेळ फोटो काढत हिंडतात. साहजिकच सगळ्यांना तेच हवं. म्हणून ताईने पुस्तिकेत ठळक अक्षरांत एक ओळ घातली होती: वर्तमानपत्र दोन्ही सहामाह्या घेतलं तरच इंग्रजीत धरलं जाईल, एकच घेतल्यास ते अवांतर. ही अट तिने मुलांना इतक्या वेळा ऐकवली की मलाही तोंडपाठ झाली, आणि मला माझा स्वतःचा फोन नंबर पाठ नाही.

"एक सहामाही मजा मारतात मेले," ती म्हणायची, "आणि शेवटच्या वर्षी माझ्यासमोर येऊन रडतात."

तिची एक पद्धत होती. विषयनिवडीच्या प्रत्येक अर्जाच्या समासात ती आठ चौकटी काढायची, इंग्रजीच्या आठ सहामाह्यांच्या. आधी पेन्सिलने खुणा. मग एक चहा. चहानंतर पुन्हा पहिल्यापासून तपासायचं आणि मगच पेन हातात घ्यायचं. मी एकदा म्हटलं, "अगं, संगणक आलाय, आता ही पेन्सिल कशाला?" त्यावर ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

दीड वर्षापूर्वी, विषय निवडायच्या दिवसांतच, तिचा नवरा गेला. पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. सकाळी घरी आला, बूट काढायला खुर्चीवर बसला आणि बसल्या जागी गेला. एक बूट पायात होता. आठवडा झाल्यावर मी तिच्याकडे गेले, तर ती स्वयंपाकघरात बसून होती. स्वच्छ पुसलेला ओटा, गॅसवर काही नाही. मी म्हटलं, "ताई, भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा कामावर ये. मन रमेल." हे वाक्य माझंच. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आली. मुलं एकामागून एक आत येत होती, अर्ज तपासून घेऊन बाहेर जात होती. शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणाले, काय धीराची बाई आहे. मीही मान डोलावली.

पुढचं दीड वर्ष ती तशीच राहिली. वेळेवर यायची, डबा खायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. "बरी आहेस ना?" म्हटलं की "आहे." मुलांना रागवायची बंद झाली. कोणी अर्ज चुरगळून आणला तरी हाताने सपाट करून ठेवून द्यायची. मुलांनी तिला अटबाई म्हणणंही सोडलं. खरं सांगायचं तर मला तिच्या त्या शांतपणाचा कंटाळा आला होता. भांडायला कोणी उरलं नव्हतं.

या वर्षी शेवटच्या वर्गाची छाननी सुरू झाली. शाळा सोडण्याचं प्रमाणपत्र कोणाला द्यायचं, कोणाचं काय अपुरं आहे, ते बघतात. तिसऱ्या दिवशी ताई एक अर्ज हातात धरून माझ्या टेबलाशी आली.

"हिच्या सात सहामाह्या भरतात," ती म्हणाली. "वर्तमानपत्र एकदाच घेतलंय. मी आठ चौकटी भरल्यात. चूक माझी आहे."

आवाज असा की जणू खिडकी लाव म्हणून सांगतेय. मी अर्ज पाहिला. समासात आठ चौकटी, आठ खुणा, खाली तिची सही. खुणा थेट पेनने केलेल्या. हा अर्ज भरला त्या आठवड्यातले चाळीसच्या चाळीस अर्ज आम्ही काढले. एकावरही पेन्सिल नव्हती. बाकीचे एकोणचाळीस बरोबर निघाले, हात सवयीने चालला होता म्हणून. ताईने अर्ज पुन्हा क्रमाने लावले.

मुलीला बोलावलं. उंच, केस घट्ट बांधलेले, बोलताना पिशवीचा पट्टा सोडत नव्हती. तिला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती, आणि महिनाअखेरपर्यंत तिथे प्रमाणपत्र दाखवायचं होतं. सुट्टीतल्या वर्गात इंग्रजीची एक सहामाही भरून काढता येते, पण तो वर्ग संपणार त्यानंतर पाच आठवड्यांनी. म्हणजे जागा गेली.

"बाई, मी तुम्हाला विचारलं होतं," मुलगी म्हणाली. "एकदाच घेतलं तर चालेल का. पुस्तिकेत वेगळं लिहिलं होतं म्हणून दोनदा विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

"म्हणाले असेन. सही माझी आहे."

"मग आता मी काय करू?"

ताईने तिला खुर्ची दिली. मुलगी रडायला लागली आणि ताई तिच्याकडे बघत उभी राहिली. तिला जवळ घ्यावं, पाणी द्यावं, काही सुचलं नाही. पाणी मी दिलं.

मुख्याध्यापक तसे सज्जन, पण वरच्या कार्यालयाला भिऊन असतात. त्यांनी नियम काढला. कार्यालयाच्या चुकीमुळे अट अपूर्ण राहिली असेल तर सूट देता येते, मात्र संबंधित कर्मचाऱ्याने चूक कशी झाली ते लेखी द्यायचं, आणि ते कारण वरच्या कार्यालयाला पटायला हवं. ताईने तिथेच कागद घेऊन लिहिलं: नजरचुकीने झाले. दोन दिवसांनी कागद परत आला. नजरचूक हे कारण नव्हे, असा शेरा. तिने लिहिलं: कामाच्या ताणामुळे. तोही परत आला. इतर एकोणचाळीस अर्ज बरोबर असताना याच अर्जात ताण कसा, असं त्यांनी विचारलं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत शेवटची मुदत दिली.

मी चिडले. "संगणक बंद पडला होता असं ठोकून दे. कोण बघायला येणार आहे?"

"संगणक चालू होता," ताई म्हणाली.

"मग त्या पोरीची जागा जाऊ दे. तुझा खरेपणा जपून ठेव." हे मी नको होतं बोलायला. पण माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

शुक्रवारी सकाळी ताईने मला हाताने लिहिलेला कागद दिला. "टाइप कर," म्हणाली आणि जाऊन बसली. मी टाइप करायला घेतलं.

"हा अर्ज तपासला त्या दिवशी माझे पती जाऊन नऊ दिवस झाले होते. मी मुलांशी बोलत होते, पण त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. या मुलीने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, मला आठवत नाही. तिचा चेहराही आठवत नाही. त्या सकाळचं एकच आठवतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी मी घरी फोन लावला. माझे पती रात्रपाळीहून येऊन झोपत आणि मी रोज त्या वेळेला त्यांना उठवत असे. घंटा वाजत राहिली. हे फोन का उचलत नाहीत म्हणून मला त्यांचा राग आला. मग आठवलं. मी फोन ठेवला आणि पुढच्या मुलीला आत बोलावलं. या अर्जावर साडेअकराची वेळ आहे. मी पेन्सिल वापरली नाही."

माझी बोटं थांबली. त्या दिवशी मी तिला कानाला फोन लावून बसलेलं पाहिलं होतं. कुठल्यातरी पालकाला लावत असेल, असं वाटलं होतं. मधे फक्त ते कपाट. मला माझी इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"ताई, मला का नाही सांगितलंस? मी इथेच होते."

"तू विचारलंस, बरी आहेस ना," ती म्हणाली. "मी म्हटलं, आहे. मग तू टाइप करायला लागलीस."

मी कागद पूर्ण केला, तिने सही केली आणि आम्ही दोघी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचला.

"एवढ्यावर सूट मिळेल," ते म्हणाले. "मी आत्ताच पाठवतो आणि फोनही करतो. त्या मुलीला सांगा, प्रमाणपत्र वेळेत हातात पडेल." मग जरा घुटमळले. "पण बाई, हा कागद तिच्या फाइलीत कायमचा राहणार. पुढे कोणीही वाचेल. पहिलं वाक्य पुरेसं आहे. फोनचं वगैरे काढून टाकू या का?"

"नको, सर."

"तुमच्यासाठीच म्हणतोय."

"राहू दे," ताई म्हणाली. "मी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही."

आणि मग ती रडायला लागली, तिथेच, उभ्या उभ्या, टेबलाची कड धरून. मुख्याध्यापक कागद घेऊन गुपचूप बाहेर गेले. मी दार लावलं आणि आत थांबले.