पडताळणीचं घर

ऐंशीच्या दशकात मी दांडीच्या कोळीवाड्यात बायकांच्या आरोग्यावर संशोधन करत होते. घरं चुकू नयेत म्हणून आम्ही दारादारावर गेरूने आकडे घातले होते, आणि तोच आकडा त्या घराच्या फॉर्मवर. माझ्या गाईड सरांना ही शिस्त फार प्रिय. मलाही. अक्कल नव्हती, दुसरं काय!

एका घरातली सून माझ्याशी मोकळेपणाने बोलली. तीन मुली, तिसरीच्या वेळी मरता मरता वाचलेली. माहेरी वाणगावला जाते असं सांगून तिने ऑपरेशन करून घेतलं होतं. नवरा बोटीवर, सासूने नातवासाठी नवस बोललेला.

"घरात कळलं तं मला ठेवनार नाय," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि फॉर्मवर खूण केली.

नियम असा, की दर दहाव्या घरात तेच प्रश्न दुसऱ्या मोठ्या माणसाला विचारून पडताळून घ्यायचे. पंधरा दिवसांनी नेमकं तिचं घर त्यात आलं. तो फॉर्म तिथेच बाजूला ठेवायला हवा होता. पण एकामागून एक घरं उरकायच्या नादात मी तो उघडला. सून मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात गेली होती. सासू अंगणात बोंबील वाळत घालत होती. मी सरळ विचारलं, ऑपरेशननंतर सुनेला किती दिवस विश्रांती मिळाली?

तिचे हात थांबले. "कसलं ऑपरेशन?"

चुकून दुसऱ्या घराचा कागद आला, असं काहीतरी मी पुटपुटले. म्हातारीला वाचता येत नव्हतं. पण तिने ओले हात लुगड्याला पुसले, माझ्या हातातून फॉर्म घेतला आणि दारापाशी नेऊन धरला. वरचा आकडा आणि दारावरचा आकडा तिने दोनदा बोटाने गिरवून पाहिला. मग कागद मला परत दिला आणि पुन्हा बोंबलांकडे वळली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी दुसरीच्या पायावर पाडला.

बोट किनाऱ्याला लागली त्याच दिवशी तिला मुलींसकट माहेरी धाडलं. दांडीत कुणी मला दारात उभं करेना. दारांवरचे आकडे पुसलेले होते, एकूण एक.

मी वाणगावला गेले. ती चुलीपुढे बसली होती, धाकटी मांडीवर. माफी मागायला तोंड उघडलं तर तिने हात पुढे केला. कागद हवा होता. मी दिला. चुलीत घालता घालता थांबून तिने विचारलं, "आनखी कुटं लिवलंय?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण आता तिच्याशी खोटं कुठल्या तोंडाने बोलणार? सांगितलं, सरांच्या कपाटात दुसरी प्रत आहे.

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मग ह्यो जाळून काय उपेग," म्हणाली, आणि कागद माझ्या हातात परत दिला.