गुलाबी कुरडया आणि सुनेचे जंतू

सून भेस्तानच्या एका लॅबमध्ये जंतू पाळते. मी तिला चिडवायची, "काय गं, आज जेवले का तुझे?" ती म्हणायची, "आई, त्यांना उपाशी ठेवायचाच पगार मिळतो मला."

आहेच तसं. या जंतूंना जगायला लागणारी एक वस्तू स्वतःला बनवता येत नाही. बशीत ती नावापुरतीच द्यायची आणि सोबत तपासायचं रसायन घालायचं. रसायनाने त्यांची जनुकं बदलली, तर काहींना ती वस्तू पुन्हा बनवता येते. मग ते वाढतात, ठिपके दिसतात.

आता माझं सांगते. आमचे हे कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होते, तेव्हापासून कुरडयांना मी मिलच्या पुडीतला गुलाबी रंग घालते. चिमटीभर रंगात पातेलंभर चीक रंगतो. घरी आम्ही पांढऱ्याच खातो. गुलाबी नंदुरबारला लेकीकडे, माहेरची शोभा म्हणून.

यंदा सुनेने पुडी पाहिली. "आई, हा साडीचा रंग आहे."

"साडी तर रोज अंगाला लागते. तिने कोणी मेलं का?"

ती वाद घालत बसली नाही. लॅबच्या मॅडमना विचारून थोडा रंग तिकडे घेऊन गेली. तीन-चार दिवसांनी फोनवर फोटो दाखवले. बिनरंगाच्या बशीत आपोआप उगवलेले मोजके ठिपके, माझ्या रंगाच्या बशीत खसखस सांडल्यासारखे. मी खूश.

"बघ, माझ्या हाताने तुझ्या उपाशी जंतूंनीसुद्धा बाळसं धरलं."

"आई, तेच तर वाईट. म्हणजे रंगाने त्यांची जनुकं बदलली. माणसाला काही होईलच असं यावरून कळत नाही, पण पोटात घालायची वस्तू नाही ही."

माझी थट्टा तिथेच संपली. लेकीची दोन पोरं डोळ्यांपुढे आली. तिला फोन लावला, सगळं सांगितलं, पोरांना किती दिल्यास ते विचारलं.

"माय, रागावू नको. गुलाबी आम्ही कधी खाल्ल्याच नाहीत. तळल्या की तेल लाल होतं. डब्यात आहेत."

"सगळ्या?"

"चार वर्षांच्या."

शेजारी सून तोंडाला ओढणी लावून हसत होती. मी देवापुढे साखर ठेवली. मग लेकीला पुन्हा फोन लावला आणि विचारलं, चार वर्षं "काय खुसखुशीत झाल्यात" म्हणत होतीस, ते कशाबद्दल?