मालकिणीवरचा चार्ज

मुंबईच्या स्पेशल कोर्टात आमचा नंबर यायचा होता आणि संगीताबाई बाकावर बसायला तयार नव्हत्या. कॉरिडॉरमध्ये नुसत्या येरझारा. त्यांना बघून मलाही धड बसवेना. मी चंद्रपूरचा वकील, या कोर्टात माझा जीव तसाही रमत नाही.

संगीताबाई वडशाच्या, झाडीपट्टी नाटकातल्या नावाजलेल्या नटी. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव. आज चार्ज फ्रेम झाला, म्हणजे कोर्टानं आरोप ठरवले, की खटला सुरू. मग प्रत्येक तारखेला मुंबई. अशा नटीला कोणता निर्माता घेणार? वर्षाची भाकरी त्या चार महिन्यांवर होती.

प्रकरण असं. एका कंपनीनं सागवान लावतो म्हणून गावोगावचा पैसा एकत्र केला. अशा योजनेला लायसन्स लागतं. ते नव्हतं. मालक सगळे पैसे घेऊन पसार झाला. आणि सिंदेवाहीकडच्या एका प्रयोगाच्या सी.डी.त संगीताबाई म्हणत होत्या, "ही कंपनी माझीच आहे, बिनधास्त पैसे टाका." झालं, सरकारी तक्रारीत बाई कंपनीच्या कर्त्याधर्त्या ठरल्या.

खरं तर त्या प्रयोगाला कंपनीनं पैसे दिले होते आणि बदल्यात जाहिरात हवी होती. तीही नाटकातल्या श्रीमंत मालकिणीच्या तोंडी. मालकीण झालेल्या बाईंनी भर प्रवेशात दोन वाक्यं ठोकून दिली. आमच्याकडे यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

"सारं गाव साक्ष द्याले तयार हाये. मी काऊन चूप बसू?" बाईंचं पालुपद सुरूच होतं.

अशिलांना हेच पटत नाही. चार्जच्या वेळी कोर्ट आपला पुरावा बघत नाही. सरकारचा पुरावा खरा धरायचा आणि तरीही त्यात गुन्हा दिसत नाही, हे दाखवायचं. जमलं तर डिस्चार्ज, म्हणजे खटल्याआधीच सुटका.

पुकारा झाला. मी गावाचं नावही काढलं नाही. सरकारचीच सी.डी. जरा पुढे चालवा, एवढंच म्हणालो. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, पण जजसाहेबांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. त्या दोन वाक्यांनंतर मालकीण त्याच शालूत, त्याच तोऱ्यात सुनेच्या दुधात विष कालवायला लागली.

"मग विषप्रयोगाचाही चार्ज लावायचा का?" जजसाहेबांनी सरकारी वकिलांना विचारलं.

दुपारी डिस्चार्ज मिळाला. बोलणारं नाटकातलं पात्र होतं, कंपनीच्या कारभारात बाईंचा हात असल्याचं कुठेच दिसत नाही, असं ऑर्डरमध्ये आलं. मी खूश होतो. बाईंचा चेहरा मात्र उतरलेला.

"वकीलसाहेब, मेकअप पुसून बोलली असती तं?"

"मग अवघड होतं, बाई."

"पन लोकायनं मालकिणीले कुठी पैसे देल्ले? माह्या तोंडाकडे पाहून देल्ले."

मी फी घेतली होती चार्ज अडवायची, आणि तो अडवला होता. बाईंच्या या बोलण्याला उत्तर देणं कोणाचं काम होतं, ते मला अजून कळलेलं नाही.